गार, गारा, गारगोटी

दोन पांढऱ्या गारगोट्या घ्यायच्या, मुठीत मावतील एवढ्या. रात्री दिवा मालवून वाकळेत शिरायचं, डोळे अंधाराला सरावेपर्यंत थांबायचं आणि मग त्या एकमेकींवर जोर लावून घासायच्या. दगडाच्या पोटात उजेड पेटतो. पिवळसर, क्षणभराचा, जिथे घासलं तिथेच उमटून विझणारा. हात भाजत नाही. वास मात्र येतो, काहीतरी करपल्यासारखा.

हे मला माझ्या मामांनी शिकवलं. माझं आजोळ भुदरगड तालुक्यातलं. तालुक्याच्या गावाचं नावच गारगोटी, त्यामुळे तिथे गारगोटीचं कौतुक करणं म्हणजे जरा घरातल्याच माणसाचं कौतुक करण्यासारखं आहे. "ईज कोंडलीया बघ तिच्यात," मामा म्हणायचे. ते कोल्हापूरला एका फौंड्रीत कामाला होते आणि आठवड्याच्या सुट्टीला घरी यायचे. त्या फौंड्रीकडे मी येणार आहे, पण दगडामार्गे.

गारगोटी म्हणजे क्वार्ट्झ. सिलिकॉन आणि ऑक्सिजन या दोनच मूलद्रव्यांचा बनलेला, जमिनीवर जवळजवळ कुठेही सापडणारा दगड. खंडांच्या कवचात फेल्डस्पार नावाच्या कुटुंबानंतर याच्याइतकं विपुल दुसरं खनिज नाही. जगातली बहुतेक वाळू म्हणजे हाच. पारदर्शक निघाला तर आपण त्याला स्फटिक म्हणतो, जांभळा निघाला तर अ‍ॅमेथिस्ट, आणि इतक्या बारीक कणांचा निघाला की कण दिसतच नाहीत, तर अकीक. लाल अकीक, पट्ट्यापट्ट्यांचा अकीक, सगळी एकाच घरची भावंडं.

'ईज कोंडलीया' हे मामांचं वाक्य मला पुढे कॉलेजात आठवलं आणि हसू आलं, कारण ते फारसं चुकीचं नव्हतं. १८८० साली पॅरिसमध्ये झाक आणि पिएर क्युरी या भावांनी दाखवून दिलं, की क्वार्ट्झसारखे काही स्फटिक दाबले की त्यांच्या दोन बाजूंवर विजेचा भार येतो. पुढच्याच वर्षी उलटंही सिद्ध झालं: वीज दिली की स्फटिक किंचित आकसतो, फुगतो. म्हणजे त्याला ठरावीक लयीत थरथरवता येतं. १९२७ मध्ये अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत या थरथरीवर चालणारं पहिलं घड्याळ झालं. ते मनगटावर बांधण्याजोगं नव्हतं, कपाटाएवढं होतं. मनगटावर ते आलं १९६९ च्या नाताळात, जपानमध्ये, सेइको कंपनीचं. आपल्याकडे घड्याळाच्या तबकडीवर 'क्वार्ट्झ' हा शब्द रुळला तो ऐंशीच्या दशकात. मला आठवतं, लग्नाच्या आहेरातल्या भिंतीवरच्या घड्याळावरही तो लिहिलेला असे, आणि तो कंपनीचं नाव आहे असं आमच्या घरातल्या सगळ्यांना वाटे.

हे तुम्ही ज्या फोनवर वाचताय त्यातही बहुधा तांदळाच्या दाण्याहून लहान असा एक क्वार्ट्झ आहे. तो सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. हा आकडा विचित्र वाटतो, पण तो मुद्दाम निवडलेला आहे. त्याला पंधरा वेळा निम्मं करत गेलं की उरतो एक. एक सेकंद.

तर मामांची वीज खरी. पण शाळेच्या पुस्तकातलं ते चित्र आठवतं का, गुहेच्या तोंडाशी बसलेला आदिमानव दोन गारगोट्या एकमेकींवर आपटून आग पेटवतोय? मी आणि माझ्या मामेभावाने एक अख्खी मे महिन्याची सुट्टी त्यात घालवली. कापूस, वाळलं गवत, नारळाची शेंडी, सगळं करून पाहिलं. आग लागली नाही. ती लागणारच नव्हती. गारगोटीतून निघतो तो थंड उजेड. त्याने कापूस पेटत नाही. आग हवी असेल तर एका हातात गारगोटी आणि दुसऱ्या हातात लोखंड लागतं, किंवा लोखंडाचं सोनेरी खनिज, पायराइट. गारगोटी एवढी कठीण असते की ती लोखंडाची बारीक किस काढते, आणि ती किस हवेत जळते. ठिणगी असते ती लोखंडाची. श्रेय मात्र दगडाला मिळालं.

हीच ती चकमक. शब्द तुर्की आहे. आगपेट्या खेड्यापाड्यांत पोचण्याआधी चिलीम ओढणाऱ्या माणसाच्या बटव्यात पोलादाची एक पट्टी, एक गारगोटी आणि कापसाचा करपवलेला बोळा असायचा. बंदुकीतही तीच जोडी आली. आधीच्या तोड्याच्या बंदुकीला जळती वात सांभाळावी लागे. चकमकीच्या बंदुकीत घोडा सुटला की दगड पोलादावर आपटून ठिणगी पडे. महादजी शिंद्यांनी डी बॉयनकडून जी कवायती पलटणं उभी करून घेतली, त्यांच्या हातात या बंदुका होत्या, आणि त्या आग्र्याच्या कारखान्यात बनत. आपण आजही 'सीमेवर चकमक उडाली' असं म्हणतो, आणि ते म्हणताना दगड आठवत नाही.

आगीच्याही आधी गारगोटीचा उपयोग होता तो धारेसाठी. ती फुटते तेव्हा काचेसारखी फुटते, पापुद्र्यांत नाही, आणि फुटलेली कड ब्लेडसारखी असते. पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तिथे १९६८ पासून डेक्कन कॉलेजने अनेक वर्षं उत्खनन केलं. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर, झैनुद्दीन अन्सारी यांच्या पिढीचं ते काम. तीन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी तिथे शेती करणारी वस्ती होती. तांबं त्यांना माहीत होतं, पण ते दुर्मीळ आणि मऊ. रोजच्या कापाकापीला त्यांच्याकडे होती कॅल्सेडनीची, म्हणजे बारीक कणांच्या गारगोटीची, लांब पाती. आधी गोट्याला एक सरळ कणा काढायचा, मग त्या कण्याच्या आधाराने एकामागून एक पातं सोडवायचं. अशी पाती लाकडी मुठीत ओळीने बसवली की विळा तयार.

हा दगड त्यांना आणायला लांब जावं लागलं नाही. याचं कारण मला फार आवडतं. महाराष्ट्राचा बराचसा भाग काळ्या बेसॉल्टचा आहे, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. या बेसॉल्टमध्ये स्वतःची गारगोटी जवळजवळ नसते. पण लाव्हा थंड होताना त्यातला वायू अडकला आणि दगडात पोकळ्या राहिल्या, पावात असतात तशा. पुढे लाखो वर्षं त्या पोकळ्यांतून ऊन पाणी झिरपत राहिलं आणि विरघळलेली सिलिका आतल्या भिंतीवर थर देत गेली. अकीकाचे पट्टे म्हणजे ते थर. गारगोटी हे आपल्या दगडाचं हाडमांस नाही, त्याच्या रिकाम्या जागांमध्ये पाण्याने भरलेलं काहीतरी आहे. नंतर बेसॉल्ट कुजला, त्याची काळी माती झाली. गारगोटी कुजली नाही. म्हणून पहिल्या पावसानंतर काळ्या रानात पांढरे गोटे उघडे पडतात आणि नांगराच्या फाळाला खणकन लागतात.

कुजत नाही, झिजत नाही, नेहमीच्या आम्लांना दाद देत नाही. मोहच्या मोजपट्टीवर तिचा काठिण्यांक सात आहे. चाकूचा तिच्यावर ओरखडा उठत नाही, उलट ती काचेवर ओरखडा काढते. हा गुण लक्षात ठेवा.

आता शब्दाकडे. मराठीत गार म्हणजे थंड. गार म्हणजे आभाळातून पडते ती, जिच्या वर्षावाला गारपीट म्हणतात. आणि गार म्हणजे हा दगड. गारगोटी म्हणजे गारेचा गोटा. एकाच शब्दात थंडी, बर्फ आणि दगड. यात व्युत्पत्तीचे धागे किती आणि योगायोग किती, ते भाषातज्ज्ञांनी भांडून ठरवावं. पण हीच गल्लत, गल्लत असेल तर, आपल्यापासून फार दूर ग्रीक लोकांनी केली होती. त्यांच्या भाषेत 'क्रुस्टालोस' म्हणजे बर्फ, आणि तोच शब्द त्यांनी स्फटिकाला दिला. इंग्रजीतला क्रिस्टल तिथून आला. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमन लेखक प्लिनीने तर स्पष्टच लिहून ठेवलं, की स्फटिक म्हणजे कडाक्याच्या थंडीने कायमचा गोठलेला बर्फ, म्हणून त्याचे प्याले फक्त थंड पेयांसाठीच वापरावेत. त्याच्या मते भारतातून येणाऱ्या स्फटिकाहून सरस स्फटिक नव्हता. त्यानेच सांगितलेली एक गोष्ट अशी: सगळं संपलं असं कळल्यावर सम्राट नीरोने स्फटिकाचे आपले दोन प्याले फोडून टाकले, का तर दुसऱ्या कुणाला त्यातून पिता येऊ नये.

आपल्याकडेही स्फटिकात थंडी आणि ऊन दोन्ही शोधलं गेलं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोशात ठेवायच्या रत्नांची यादी आहे. तिथे स्फटिकाचे चार प्रकार येतात आणि त्यांतल्या एकाचं नाव आहे शीतवृष्टी, दुसऱ्याचं सूर्यकांत. सूर्यकांताची गोष्ट खरीच आहे: घासून भिंगासारखा केलेला स्फटिक उन्हात धरला की कापूस पेटतो. त्याचा जोडीदार चंद्रकांत, जो चांदण्यात पाझरतो. ज्ञानेश्वरीच्या पहिल्या अध्यायात समोर आपली माणसं पाहून अर्जुनाचं मन द्रवतं, तिथे हाच सोमकांत मणी दृष्टांताला आला आहे. पाझरणारा दगड कुणी पाहिला असेल असं नाही. पण थंड रात्री दगडावर दव धरतं, आणि स्फटिक हाताला नेहमी सभोवतालापेक्षा गार लागतो, कारण तो आपल्या बोटांची ऊब भराभर ओढून घेतो. हे सगळ्यांनी अनुभवलेलं होतं. सूर्यकांत आणि चंद्रकांत ही नावं ठेवताना कुणाच्याही मनात दगड नसतो, पण मागच्या पिढीच्या प्रत्येक वर्गाच्या हजेरीपटात ही दोन खनिजं होती. मराठी पडद्यावर तर ती सख्खे भाऊ म्हणून नांदली.

स्फटिकाच्या थंडपणावर, निर्मळपणावर माणसाने फार विश्वास टाकला. तो स्वतः रंगहीन, शेजारी जास्वंद ठेवली तर लाल दिसतो, काढून घेतली की पुन्हा कोरा. आपल्या तत्त्वज्ञांना आत्म्याबद्दल बोलायला याहून सोयीचा दगड मिळाला नसता. १८९८ मध्ये नेपाळच्या सीमेलगत पिपरहवाच्या स्तूपात विल्यम पेपे याला अस्थिकलशांसोबत स्फटिकाची एक डबी सापडली. तिच्या झाकणाला धरायला स्फटिकाचाच मासा आहे. मी तिचा फोटो कितीदा तरी मोठा करून पाहिला आहे. एवढा कठीण दगड पोखरून इतका साधा मासा काढणारा कारागीर कोण असेल, असं दर वेळी वाटतं.

कारागिराबद्दल बोलायचं तर खंबातला जावं लागतं.

गुजरातच्या खंबातमध्ये, इंग्रजीतल्या कँबेमध्ये, अकीकाचे मणी करण्याचा धंदा शतकानुशतकं चालत आला आहे, आणि त्याची मुळं हडप्पा संस्कृतीपर्यंत जातात. इराकमध्ये ऊरच्या राजघराण्याच्या थडग्यांत साडेचार हजार वर्षांपूर्वीचे लालभडक, लांबुळके कार्नेलियन मणी सापडले, ते सिंधू खोऱ्याच्या कारागिरीचे. असा मणी लांबीत आरपार भोकायचा, आणि तेही पोलाद नसताना. केनॉयर, विदाले आणि कुलदीप भान या संशोधकांनी हडप्पाकाळच्या दगडी गिरमिटांचा अभ्यास केला आणि खंबातच्या कारागिरांसोबत बसून जुन्या पद्धती समजून घेतल्या. ती गिरमिटं वापरून तासाला जेमतेम अडीच मिलिमीटर भोक पुढे सरकतं. एका लांब मण्याला कित्येक दिवस.

खंबातची रीत वाचताना मी तिच्या प्रेमात पडले. जमिनीत तिरकी रोवलेली लोखंडी टोकदार सळई. कारागीर गोटा सळईच्या टोकाला टेकवतो आणि दुसऱ्या बाजूने म्हशीच्या शिंगाच्या हातोडीने हलकेच मारतो. घाव हातोडीचा, पण कपचा उडतो सळईच्या बाजूने. शिंग का, तर लोखंडाने दगडाचा चुरा होईल. त्याआधी दगड उन्हात महिनोन्‌महिने ठेवायचा, मग मडक्यात घालून शेणीच्या मंद आचेत भाजायचा. पिवळट दगडातलं लोखंड त्या आचेत लाल होतं. बाजारात ज्याला लाल अकीक म्हणतात तो बहुतेक वेळा असा भट्टीतून आलेला असतो. भोक पाडायला धनुकलीचं गिरमिट, त्याच्या टोकाला हिऱ्याच्या दोन कण्या. आणि चमक आणायला चामड्याची पिशवी: मणी, कुरुंदाची पूड आणि पाणी भरून दोन माणसं ती पिशवी एकमेकांकडे लोळवत राहायची, दिवसच्या दिवस.

दगड येत असे भरूच जिल्ह्यातल्या रतनपूरहून, राजपीपळ्याच्या डोंगरांच्या अंगाने. दख्खनच्या लाव्ह्यातून झिजून वाहत आलेल्या गोट्यांचे थर तिथे आहेत. म्हणजे मूळ आपलंच. त्या काळात दख्खनमधून थेट मालही जाई. 'पेरिप्लस' या पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासपुस्तकात लिहिलं आहे, की पैठणहून भडोचला रस्ते नसलेल्या मुलखातून गाड्या भरभरून हा दगड येतो, वीस दिवसांच्या वाटेने. कुणी भाषांतरकार त्याला ऑनिक्स म्हणतात, कुणी कार्नेलियन. दोन्ही गारगोटीचीच रूपं. पैठणचं नाव आज पैठणीने व्यापलं आहे. बैलगाड्यांतून दगड पाठवणारं पैठण डोळ्यांसमोर आणायला मला जरा वेळ लागला.

रतनपूरच्या टेकडीवर बाबा घोर यांचा दर्गा आहे. ते हबशी, आफ्रिकेहून आलेले. गुजरातचा सिद्दी समाज त्यांना आपला पीर मानतो. अकीकाचा धंदा त्यांनीच इथे वाढवला अशी श्रद्धा आहे, आणि एका जातीच्या अकीकाला बाजारात बाबागोरी हेच नाव पडलं. भूशास्त्रज्ञांनीही तिथल्या थरांना 'बाबागुरू' हे नाव दिलं आहे. लोककथा अशी, की त्या डोंगरात माखनदेवी नावाची राक्षसीण होती आणि बाबा घोरना ती आवरेना. मग त्यांची बहीण माई मिस्रा समुद्र ओलांडून आफ्रिकेहून आली आणि तिने तिला नमवलं. भावाला न जमलेलं काम बहिणीने केलं ही गोष्ट सिद्दी बायका आजही अभिमानाने सांगतात. खाणीत उतरून गोटे काढणारे मात्र बहुतांशी भिल्ल असत. मण्यांच्या इतिहासात त्यांचं नाव एखाद्या ओळीत येतं.

इथपर्यंतचा इतिहास मी आनंदाने वाचला. मग एक दिवस खंबातबद्दलच शोधताना अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यवसाय आरोग्य संस्थेचा एक अभ्यास समोर आला. विषय: अकीक घासणाऱ्या कामगारांची फुप्फुसं.

विजेची मोटर आली तशी मणी घासायला एमरीची चाकं आली. पिशवी लोळवणं मागे पडलं. चाक कोरडं फिरतं, दगड त्यावर धरला की पांढरा धुरळा उठतो. काम कारखान्यात नाही, घरात किंवा अंगणात. त्यामुळे घासणाऱ्याबरोबर भाकरी थापणारी आणि बाजूला खेळणारं पोर, सगळ्यांच्या श्वासात तो जातो. डोळ्यांना दिसतो तो धुरळा खरा त्रास देत नाही. तो नाकात, घशात अडकतो. पाच मायक्रॉनच्या आतला, केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्शाहून बारीक कण थेट फुप्फुसाच्या टोकाच्या पिशव्यांपर्यंत पोचतो. तिथे शरीराच्या भक्षक पेशी त्याला गिळतात. जंतू असता तर तो पचला असता. हा पचत नाही. पेशी मरते, कण मोकळा होतो, दुसरी पेशी त्याला गिळते, तीही मरते. प्रत्येक वेळी थोडा व्रण राहतो. व्रण वाढत वाढत मऊ फुप्फुस चामड्यासारखं होतं. काम सोडलं तरी हे थांबत नाही, कारण कण तिथेच असतो. मघाशी सांगितलेला गुण तो हाच: कुजत नाही, झिजत नाही.

या रोगाला सिलिकोसिस म्हणतात. त्यावर औषध नाही. आणि ज्याला तो होतो त्याला क्षयही लवकर गाठतो. क्षय नसला तरी एक्सरेत तो क्षयासारखाच दिसतो.

ही माहिती नवी मुळीच नाही. १५५६ साली छापलेल्या खाणकामावरच्या आपल्या ग्रंथात जर्मन वैद्य आगरिकोला लिहितो, की कार्पेथियन डोंगरांतल्या खाणींच्या भागात सात-सात नवरे केलेल्या बायका आहेत, आणि ते सातही धुळीने लागलेल्या क्षयाने गेले. त्याच पुस्तकात खाणकऱ्यांनी तोंडावर सैल कापड बांधावं असा सल्लाही आहे. हडप्पाच्या मणीकारांच्या छातीत काय होतं ते उत्खननात सापडायचं नाही. हाडं उरतात, मणी उरतात. फुप्फुसं उरत नाहीत.

आजच्या माणसांचं मात्र कागदावर सापडतं. गुजरातमध्ये गोध्र्याच्या आसपास गारगोटीची पूड करणारे कारखाने आहेत. काचेला लागते ती ही पूड. (स्वदेशीच्या काळात लोकांकडून एकेक पैसा गोळा करून अंताजी काळ्यांनी तळेगावला पैसा फंडाचा काच कारखाना काढला, तेव्हा काच म्हणजे वाळू हे महाराष्ट्राने अभिमानाने शिकलं होतं.) त्या कारखान्यांत कामाला जात असत मध्य प्रदेशातल्या अलिराजपूर, झाबुआ, धार जिल्ह्यांतली आदिवासी पोरं. अलिराजपूर म्हणजे आपल्या नंदुरबारच्या शेजारचा जिल्हा, मधे नर्मदा. पाऊस संपला की जायचं, काही महिने राबायचं, परत यायचं. ती परत येऊन मरू लागली, वीस-पंचविशीत, आणि घरच्यांना सांगितलं गेलं की क्षय होता. संघटनांनी यादी करत, एक्सरे गोळा करत प्रकरण लावून धरलं. नोव्हेंबर २०१० मध्ये राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २३८ मृतांच्या कुटुंबांना प्रत्येकी तीन लाख रुपये द्यावेत अशी शिफारस गुजरात सरकारला केली. मे २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला तोच आदेश द्यावा लागला. मधली साडेपाच वर्षं कारखान्यांचा की शासनाचा, जबाबदार कोण, या प्रश्नात गेली.

मामांना हे मी कधी सांगितलं नाही. त्यांना सांगायची गरजही नव्हती.

फौंड्रीत ओतकामाचा साचा वाळूचा असतो. सिलिका वाळू, कोकणात कासार्ड्याच्या बाजूला तिच्या खाणी आहेत. साच्यात वितळलेलं बीड ओततात, ते थिजलं की साचा फोडतात, आणि मग कास्टिंगला चिकटलेली वाळू छिन्नी-ग्राइंडरने काढतात. याला फेटलिंग म्हणतात. मामा एकोणीस वर्षं फेटलिंगला होते. वाळू तापून, फुटून, ताजी झालेली; आणि नुकताच फुटलेला कण जुन्या कणापेक्षा जास्त घातक असतो. तोंडाला ते रुमाल बांधत. संध्याकाळी रुमाल झटकला की नळाखाली जमीन पांढरी होते, हे ते गंमत म्हणून सांगायचे.

पन्नाशीच्या आत त्यांचे क्षयाचे तीन कोर्स झाले. थुंकीत जंतू एकदाही सापडले नाहीत. तालुक्याच्या ठिकाणच्या डॉक्टरने गोळ्या दिल्या, शहरातल्या डॉक्टरनेही दिल्या. चौथ्यांदा एका तरुण डॉक्टरणीने एक्सरे उजेडावर धरला, बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "काका, काम काय करत होतात?" इतक्या वर्षांत हा प्रश्न पहिल्यांदाच आला होता. मामांना वाटलं ती गप्पा मारतेय. ते हौसेने फेटलिंग समजावून सांगू लागले, मधे मधे दम खात.

सिलिकोसिस १९४८ च्या फॅक्टरी कायद्यापासून नोंद करण्याजोगा रोग आहे. डॉक्टरला तो दिसला तर त्याने कळवायचं असतं. डॉक्टरणीने कळवलं. त्यानंतर फौंड्रीचं पत्र आलं: सदर इसम आमच्या हजेरीपटावर कधीच नव्हता, तो ठेकेदाराचा माणूस असावा. ठेकेदार वारला आहे. त्याच्या मुलाकडे वह्या नाहीत.

आम्ही आजोळच्या ट्रंका उपसल्या. मामीने दिवाळीच्या बोनसची दोन पाकिटं जपून ठेवली होती, त्यांवर फौंड्रीचा छाप आहे पण मामांचं नाव पेन्सिलीने. एक गेटपास निघाला, फोटो चिकटवलेला, कामाच्या रकान्यात 'हेल्पर'. वाळू हा शब्द कुठल्याच कागदावर नाही. अर्जासोबत एक्सरे जोडायचा आहे, आणि सोबत कामाचं स्वरूप साध्या भाषेत लिहून द्यायचं आहे. ते मी लिहितेय. मामा सांगतात, मी लिहिते. परवा मधेच थांबून त्यांनी विचारलं, "त्या गारगोट्या हैत का गं तुझ्याकडं?"

आहेत. पुण्यातल्या खोलीत, खिडकीत.

"घासत जा कवातरी," ते म्हणाले, "पर तोंडाला कापड बांध."